सुतकातले दहा आकडे

जयवंताबाईंनी वहीत एकशे अठरा हा आकडा लिहिला आणि वही देव्हाऱ्याखालच्या फळीवर, पोथ्यांच्या मागं सारून दिली. मलकपेठेतल्या त्या घरात पोथ्यांना दुसरं कुणी हात लावत नसे. यजमान, नामदेवराव, सकाळचे रेसकोर्सच्या कडेनं फिरायला गेलेले असत. ते परत येईपर्यंत साखर मोजायचं यंत्र त्यांच्या डब्यात होतं तसं ठेवलेलं असे. यंत्र त्यांचंच. बारा वर्षांची त्यांची साखर. बाईंना कधी काही नव्हतं, म्हणून तर सगळं ठरलं होतं.

ठरलं होतं ते असं. बाईंचा धाकटा भाऊ विकास तारनाक्याला राहायचा, रेल्वेत नोकरीला. सत्तेचाळिसाव्या वर्षी त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. आषाढातल्या एका रविवारी त्याची बायको रंजना आणि मुलगी श्रुती मलकपेठेला आल्या. चहा निवून गेला तरी कुणी बोलेना, तेव्हा बाईच म्हणाल्या, "माझी घ्या की. रक्तगट एकच आहे आमचा. बसलात काय तोंडाकडं बघत?"

रंजनानं पदरात तोंड घातलं. नामदेवराव म्हणाले, "घ्या, घ्या. हिला काही होत नाही. लग्नापासनं मला सोसतीय."

त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी त्या घरात हसू उमटलं.

हॉस्पिटलातल्या नर्सनं फोनवर सांगितलं, "तपासण्या पुष्कळ आहेत, अम्मा. डायबेटिस असला तर किडनी घेत नाहीत. उपाशीपोटी साखर शंभराच्या आत पाहिजे. सोमवारी या."

शंभराच्या आत. घरात यंत्र आहे, तर आधी आपणच बघून जावं, असं बाईंना वाटलं. पहिल्या दिवशी एकशे अठरा आले. दुसऱ्या दिवशी एकशे बत्तीस. तिसऱ्या दिवशी एकशे नऊ.

नामदेवरावांच्या डॉक्टरांनी कधीतरी समजावलेलं बाईंच्या पक्कं ध्यानात होतं. शंभरापर्यंत माणूस अंगणात, तिथून एकशे पंचवीसपर्यंत उंबऱ्यावर, त्याच्या पुढं घरात. म्हणजे आपण कधी उंबऱ्यावर, कधी घरात. बाईंच्या आईचाही साखरेनं आधी अंगठा गेला होता, मग पाऊल, मग आई.

सोमवारी त्यांनी रंजनाला फोन केला. "पाय मुरगळलाय गं. पुढच्या आठवड्यात बघू."

"जपा, वन्सं," रंजना म्हणाली. "घाई नाही."

घाई होती, हे दोघींनाही ठाऊक होतं.

बाईंनी ठरवलं, साखर खाली आणायची आणि मगच जायचं. भात बंद केला. पोळीची भाकरी, भाकरीची अर्धी भाकरी झाली. रात्री भिजवलेल्या मेथ्यांचं पाणी, कारल्याचा रस. आणि रोज सकाळी आकडा. एकशे सव्वीस आला की त्या विचार करीत, काल झोप नव्हती म्हणून असेल. एकशे चौदा आला की कारलं लागू पडतंय. एकशे एक्केचाळीस आला त्या दिवशी काहीच सुचेना, तेव्हा आदल्या दिवशी आपण शेजारणीवर रागावलो होतो ते आठवलं, आणि वहीत आकड्यापुढं लिहिलं, 'राग'.

मोजायची त्यांची एक रीत होती. आधी पूजा, मग रक्त. बोटातून रक्त आलेल्या हातानं देवाला शिवायचं कसं? म्हणून आंघोळ झाली की बाळकृष्णाला ताम्हनात घ्यायचं, दूध, दही, तूप, मध, साखर आपल्या हातानं चोळायची, पाण्यानं न्हाऊ घालायचं, पुसून वस्त्र नेसवायचं. तीर्थ बाजूला झाकून ठेवायचं, कारण पोट उपाशी पाहिजे. मग देवाचा तो हात ओल्या पंच्याला टिपायचा, यजमान करतात तसा स्पिरिटचा कापूस बोटाला लावायचा, आणि टोचायचं.

एकादशीला संध्याकाळी त्या जामबागेतल्या देवळात कीर्तनाला गेल्या. हे मात्र त्यांनी कधी चुकवलं नव्हतं. बुवा उभे राहिले, झांज वाजली, की बाईंचे खांदे आपसूक सैल व्हायचे. घर, गुडघे, महागाई सगळं सभामंडपाबाहेर चपलांपाशी राहायचं. त्या दिवशी निरूपण दानाचं होतं. बुवा सहज बोलता बोलता म्हणाले, "बायांनो, देवापुढं केळं ठेवताना निवडून ठेवता ना? डाग पडलेलं ठेवत नाही. घरच्याला एक वेळ चालेल म्हणता, देवाला नाही." बायका हसल्या. बाई हसल्या नाहीत. त्यांचा हात कमरेवर, पाठीकडं गेला आणि तिथंच राहिला.

बुक्का लावताना बुवांनी विचारलं, "विकासराव कसे आहेत? त्यांच्यासारखी साथ मिळत नाही बघा पेटीवर."

"आहे," बाई म्हणाल्या. "चाललंय."

श्रावण गेला. रंजनाला त्यांनी सांगितलं, चातुर्मासाचे नेम आहेत, ते संपू देत. रंजना फोनवर म्हणाली, "बरं, वन्सं." त्यानंतर तिनं कधी विचारलं नाही. न विचारण्याचा आवाज बाईंना रोज ऐकू यायचा.

भाद्रपदात नामदेवरावांचा चुलतभाऊ उदगीरला वारला. दहा दिवसांचं सुतक. देव्हाऱ्यावर पडदा ओढला. पूजा नाही, तीर्थ नाही. आंघोळ केली की बाई सरळ यंत्र घेऊन बसत. पहिल्या दिवशी ब्याण्णव. त्यांनी पट्टी उलटी-सुलटी करून पाहिली. दुसऱ्या दिवशी एकोणनव्वद. मग चौऱ्याण्णव, नव्वद, अठ्ठ्याऐंशी. दहाच्या दहा दिवस आकडा अंगणात. बाई पडद्याआडच्या देवापुढं उभ्या राहायच्या, हात जोडायची सोय नाही म्हणून नुसत्याच, आणि डोळ्यांतून पाणी वाहू द्यायच्या. मेथ्यांनी केलं, उपासानं केलं, त्यानं केलं. सुतक फिटलं की हॉस्पिटलला फोन करायचा.

अकराव्या दिवशी घर धुतलं, पडदा सारला. दहा दिवसांचा उपाशी देव, म्हणून मध-साखर दुप्पट घेतली आणि त्याला मायेनं, सावकाश न्हाऊ घातलं. मग टोचलं.

एकशे अडुसष्ट.

इतका आकडा कधीच आला नव्हता. बाई यंत्राकडं बघत बसल्या. नामदेवरावांनी दार वाजवलं तेही त्यांना ऐकू आलं नाही. त्यांना वाटलं, कळलं आपल्याला. तो पडद्याआड असताना ठीक होतं; तो समोर आला आणि आपलं डागाळलेलं अंग त्यानं बघितलं. त्याला हे दान नको आहे. वहीत त्यांनी आकडा लिहिला आणि पुढं लिहिलं, 'नाही म्हणतो'.

फोन केला नाही.

नामदेवरावांनी एकदा विचारलं, "किती वाळलीस गं? आरशात बघतीस का?"

"उपास आहेत."

"आणि विकासचं काय? मला काही सांगशील का नाही?"

"तुम्ही चहा घ्या," बाई म्हणाल्या.

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात सकाळी श्रुती आली. बाईंची पूजा नुकतीच झाली होती. तिनं चपला काढल्या, आत आली नाही. दारातच उभी राहिली.

"आत्या, पपांना परवा ॲडमिट केलं. छातीत पाणी झालंय. आज आयसीयूतून बाहेर आणलं. तू येणार नाहीस म्हणून मीच सांगायला आले."

"असं का बोलतीस, माय?"

"मग कसं बोलू? तीन महिने झाले. कभी पाय, कभी चातुर्मास. नाही द्यायची तर नाही म्हण ना. आम्ही दुसऱ्या किडनीसाठी लिस्टमध्ये नाव तरी लावलं असतं. अम्मा म्हणते, विचारू नको, मोठ्या आहेत. मी विचारते."

जयवंताबाईंनी पोथ्यांमागून वही काढून तिच्या हातात दिली.

श्रुतीनं पानं उलटली. तिला मराठी अक्षर लावायला वेळ लागायचा, पण आकडे तिनं झरझर वाचले. "ही तुझी शुगर? तू डॉक्टरला न दाखवता घरीच?" मग बोट एका पानावर थांबलं. "थांब. हे दहा दिवस एकदम नॉर्मल आहेत. हे बाजूला काय लिहिलंय?"

"सुतक."

"म्हणजे?"

"भाऊकीत माणूस गेलं की देवाला शिवत नाहीत. पूजा बंद असते."

"आणि बाकीच्या दिवशी?"

"पूजा करून मग मोजते."

"पूजेत काय करतेस, आत्या? हातानं काय करतेस?"

बाईंनी सांगितलं. दूध, दही, तूप, मध, साखर. सांगता सांगता त्यांचाच आवाज बारीक होत गेला.

"आणि हात धुत नाहीस?"

"तीर्थाचा हात धुवायचा असतो का? स्पिरिट लावते की."

"लाव पट्टी," श्रुती म्हणाली. "आत्ता आहे त्या हातानं." एकशे छत्तीस आले. मग तिनं बाईंना दंडाला धरून मोरीपाशी नेलं, लहान पोराचे धुवावेत तसे साबणानं दोन्ही हात धुतले, कोरडे केले, त्याच बोटाला दुसऱ्या बाजूनं टोचलं.

एक्क्याण्णव.

मधे पाच मिनिटंही गेली नव्हती. श्रुतीनं यंत्र खाली ठेवलं. ती रागावेल असं बाईंना वाटलं होतं. ती मोरीच्या कट्ट्यावर बसली आणि म्हणाली, "अरे देवा, आत्या. मध मोजत होतीस तू."

त्याच आठवड्यात सगळ्या तपासण्या झाल्या. उपाशीपोटी अठ्ठ्याऐंशी, तीन महिन्यांची सरासरीही चांगली. डॉक्टर कागद बघत म्हणाले, "साखरेचा काही प्रश्न नाही. वजन मात्र सात किलो का गेलं? आणि समजा एकशे दहा आली असती, तरी आम्ही दारातून परत पाठवलं नसतं. बसून बोललो असतो. त्यासाठीच तर बोलावतो."

"मग कधी करायचं?" बाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी दुसरी फाईल पुढं घेतली. विकासचं हृदय आता तिसऱ्या हिश्श्यानंच चालत होतं. अशात भूल देता येत नाही. औषधांवर ठेवू, सहा महिन्यांनी बघू.

"आषाढात केलं असतं तर?"

"तसं सांगता येत नाही, अम्मा," डॉक्टर म्हणाले, पण त्यांनी मान वर केली नाही.

विकास डायलिसिसच्या खोलीत होता. रंजना खाली औषधं आणायला गेली होती. बाई स्टूल ओढून बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. वही, सुतक, एकशे अडुसष्ट, 'नाही म्हणतो' लिहिलं तेसुद्धा. काही गाळलं नाही. विकास छताकडं बघत ऐकत होता. नळीतून त्याचं रक्त बाहेर जात होतं आणि परत येत होतं.

"मला वाटलं, दाजींनी नको म्हटलं," तो म्हणाला. "दोनदा घरी आले ते. मी झोपेचं सोंग घेतलं."

"त्यांना तर मी काहीच सांगितलं नव्हतं रे."

"तू घाबरलीस, असंही वाटायचं. मग म्हणायचो, घाबरू दे. मोठी आहे, तिचंही वय झालं." त्याला धाप लागली. तो थांबला, मग म्हणाला, "अक्का, एक ऐक. रंजनाला यातलं सांगू नकोस. श्रुतीनंही सांगितलेलं दिसत नाही. तिला म्हण, तपासण्यांना वेळ लागला."

"का?"

"तिला माहेर नाही. माझ्या मागं तिला तुझंच दार आहे. हे कळलं तर ती तुझ्या दारात पाय ठेवायची नाही. ती एकटी पडेल. माझ्यासाठी एवढं कर."

बाईंनी त्याच्या पायावरची चादर सारखी केली. आयुष्यात पहिल्यांदा भावानं काही मागितलं होतं, आणि ते देता येण्यासारखं होतं.

दार ढकलून रंजना आत आली. हातात औषधांची पिशवी, कपाळावर घाम. बाईंना बघून ती हसली. "वन्सं, कधी आलात? खाल्लंत का काही? श्रुती म्हणाली, तुमचे रिपोर्ट चांगले आले. बघा, मी म्हणत होते ना यांना, वन्सं कधी मागं हटायच्या नाहीत."

विकासनं डोळे मिटून घेतले.

तीन महिने आपण गप्प बसलो त्याचं काय झालं, ते समोर पलंगावर पडलेलं होतं. जयवंताबाई स्टुलावरून उठल्या. त्यांनी रंजनाच्या हातातली पिशवी काढून घेतली, आणि स्टुलाकडं बोट केलं.

"बस, रंजना," त्या म्हणाल्या. "मी हटले होते. का हटले ते ऐक, आणि मग माझ्याकडं यायचं का नाही ते तूच ठरव."