आईंनी निवडलेली बिटं

पेटी उघडली आणि माझं डोकंच फिरलं. लाल मखमलीच्या खोबणींत राउटरची बिटं, म्हणजे लाकूड कापायची पाती, दागिन्यांसारखी मांडलेली. नागमोडी कडांची, नक्षीची, दाराच्या चौकटींची, आणि काही तर कशाची ते पेटीवरही लिहिलेलं नव्हतं. मोठे दीर कौतुकाची वाट बघत उभे होते.

"नवशिकीला एकदम पूर्ण सेट! पुन्हा दुकानाची पायरी चढायला नको," ते म्हणाले.

मी कोणाकडे काही मागितलं नव्हतं. राउटर, म्हणजे लाकडाच्या कडा कापायचं यंत्र, मी स्वतः घेतलं होतं, आणि कशासाठी ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सासूबाईंची, आमच्या आईंची, नजर वर्षभरात जवळजवळ गेली. उजेड-अंधार कळतो, बाकी सगळा कारभार हातांवर. जेवणाच्या टेबलाची कड त्यांच्या कमरेला लागायची, पलंगाची नडगीला. मला त्या कडा गोल करायच्या होत्या. त्यासाठी गोलाई देणारं एक बिट हवं होतं, टोकाला फिरतं बेअरिंग असलेलं. ते कडेला टेकून सरकतं, त्यामुळे नवखा हातही भरकटत नाही. फार तर जोडीला एक सरळ बिट. पण विचारतो कोण!

दुसऱ्या दिवशी मी कामावरून येईपर्यंत दिरांनी हौस भागवून घेतली होती. पेटीतलं सगळ्यात झोकदार बिट लावून जेवणाच्या टेबलाला चारी बाजूंनी नक्षी काढली होती. जे थोडं थोडं करत कापायचं, ते एका दमात रेटलेलं. लाकूड काळं पडलं होतं आणि घरभर जळका वास. वरच्या काठाला अशी धारदार पायरी राहिली होती, की बोट लावायची सोय नाही. संध्याकाळी आईंनी नेहमीसारखा टेबलाला हात धरून वळसा घेतला आणि मनगटाची कातडी सोलून निघाली.

तर दीर काय म्हणाले असतील?

"आईने आता एका जागी बसावं हे बरं. खिडकीपाशी खुर्ची ठेवू. हवं नको ते आपण हातात देऊ."

नवऱ्यानेही मान डोलावली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी! टेबल बिघडवलं यांनी आणि जागेवर बसायचं आईंनी? मी पेटी मिटून दिरांच्या हातात ठेवली.

"ही तुमच्या घरी ठेवा, भाऊजी. आणि खुर्चीचं नाव पुन्हा काढू नका."

"मी इथेच आहे," आई म्हणाल्या. "डोळे गेलेत, कान नाही गेले. उद्या हिच्याबरोबर दुकानात मी जाणार."

दुकानाच्या भिंतीवर एक फळी होती, प्रत्येक बिटाने कापलेला नमुना तिच्यावर ठोकलेला. दुकानदारानेही आधी मोठा सेटच पुढे केला आणि मग मला विचारलं, "आजींना बसायला खुर्ची देऊ का?" जो उठतो तो खुर्ची घेऊन येतो! मी काही बोलणार, तेवढ्यात आईंची बोटं फळीवर पोचली. तांदूळ निवडावेत तशी ती एकेका नमुन्यावरून फिरू लागली. नक्षी लागली की "शी" म्हणून पुढे.

"हे गोल छान आहे, आई. सगळ्या घराला हेच करू," मी म्हणाले.

"सगळ्या घराला?" त्यांचा आवाज चढला. "तू पण त्यांच्यातलीच की गं! सगळं सारखं केलंस तर मी कुठल्या खोलीत आहे ते मला कसं कळायचं? लागतं ते सोसेन एक वेळ. आपल्याच घरात हरवायचं का मी?"

इतके दिवस दिरांच्या नावाने बोटं मोडत होते, आणि आईंना विचारलं तर मीही नव्हतं. मला माझाच राग आला.

मग त्या सांगत गेल्या. पलंगाला गोल, कारण तिथे अंग टेकतं. जेवणाच्या टेबलाला तिरपी छाटलेली कड. स्वयंपाकघरातल्या फळीच्या काठाला बोटभर खोलगट. आणि बोळातल्या भिंतीला एक लाकडी पट्टी, तिच्यात सरळ खाच, बोट घालून न्हाणीघरापर्यंत जायला. अशी चार बिटं. धार चांगली आहे ना आणि दांडी माझ्या राउटरच्या पकडीत बसते ना, एवढंच मी बघितलं.

टेबलाचा जळका काठ मी आधी कापून काढला, मग एकेक कड करत गेले. सगळं झाल्यावर एका संध्याकाळी दीर आले. टेबलावरून, फळीवरून हात फिरवत त्यांनी नाक मुरडलं.

"एकाही कडेचा दुसरीशी मेळ नाही! घराला काही शोभा नको?"

मी उत्तर देणार, तोच वीज गेली. मिट्ट काळोख झाला. दीर उठले, स्टुलाला अडखळले आणि कळवळून ओरडले, "अरे, मेणबत्ती कुठे आहे?"

बोळातून आईंची पावलं आली, रोजच्यासारखी, न थांबता. टेबलापाशी त्या वळल्या आणि पाण्याचा पेला दिरांच्या हातात दिला.

"तू एका जागी बस, बाळा," त्या म्हणाल्या. "हवं नको ते मी हातात देते."