सोळावर ठेवलेली ऊब

रिमोटच्या बटणावर एक चिकट डाग होता, उन्हाळ्यातल्या आंब्याचा नाहीतर नवऱ्याच्या, प्रफुलच्या, तंबाखू-सुपारीच्या खर्र्याचा, आणि त्यावर अंगठा पडताच रीताला शिसारी आली... अलीकडे ती सगळ्याचीच येत होती. दुधाने कडक झालेल्या गाऊनची, तुपकट लाडवांची, एसीच्या तोंडातून येणाऱ्या त्या कुबट, ओल्या फडक्यासारख्या वासाची. मूल गावातली डिसेंबरची सकाळ, खिडक्या बंद, आणि मांडीवरची महिन्याचीही न झालेली पोर रडून रडून लाल. तळवे मात्र गार.

"गरमवर टाकलो ना मी! सूर्याचं चित्र दिसून नाई राह्यलं का तुले?" नवरा आतून दाढी करता करता ओरडला. "अन् फुल करून ठेवलो. थांब थोडी."

थांबायचं. भर मे महिन्यात, नुकतेच दिवस राहिलेले असताना, हा गरम हवेवालाच एसी तिने हट्टाने घ्यायला लावला होता, कारण बाळंतिणीच्या बाजेखाली सासू गोरसी ठेवणार – ती निखाऱ्यांची काळपट मातीची गोरसी, वर ओव्याचा धूर – आणि गुडाखूची ओली तंबाखू दातांना घासून तपकिरी झालेली बोटं शेकून पोरीच्या अंगावरून फिरवणार. माझ्या पोरीला ते हात लागू देणार नाही, असं तिने प्रफुलला म्हटलं होतं. हळूच म्हटलं होतं, पण स्वयंपाकघर काही लांब नाही.

कोपराने दार ढकलून सासू, नीलाबाई, आत आल्या. दोन्ही हातांत गोरसी.

"लेकरू थंडीनं निळं होईन ना बाई. मशीन लावलं म्हणून मी चूप बसू का?"

त्या खालीच बसल्या. तळहात निखाऱ्यांवर धरला, आधी स्वतःच्या गालाला लावून पाहिला, मग पोरीच्या तळव्याला. ओठांच्या कोपऱ्यात तो तपकिरी ओघळ, नखांत काळं. आणि पोर गप्प झाली. इतकी चटकन, की रीताला तिचाही राग आला.

नजर कुठे ठेवायची म्हणून तिने रिमोटकडे पाहिलं. सूर्य होता, आणि त्याच्या शेजारी सोळा. फुल म्हणजे सोळा! इकडच्या उन्हाळ्याने शिकवलेलं, आकडा जेवढा खाली तेवढा एसी जोरात. मूर्खाने थंडीतही तेच केलं. अंगठा त्याच चिकट डागावर दाबत तिने आकडा वर नेला, वर, थेट तिशीपर्यंत. बऱ्याच वेळाने यंत्राने श्वास टाकला. जळक्या धुळीचा वास, आणि मागोमाग मानेवर ऊब.

नीलाबाईंनी वर पाहिलं. हात काढून घेतला.

"आली का गरम हवा? बरं झालं. नेतो मी हे. तुले वास चालत नाई, मले मालूम हाये."

मालूम आहे. केव्हापासून? रीताने मान वर केली नाही. पोरीचा पाय हवेत काहीतरी शोधत होता, आणि ती किळस आता त्या बोटांपाशी थांबत नव्हती, तिच्या स्वतःच्याच अंगावर चढत होती, त्या जळक्या उबेसारखी.

गोरसी उचलून त्या उंबरठ्याबाहेर गेल्या. "दार तेवढं लोट ना बाई, ऊब जाईन. हात मोकळे नाईत माहे."

पोरीला खांद्यावर घेऊन रीता उठली. कडीवर हात ठेवला... आणि तो हात त्यांच्या पाठीमागे दार लोटेना.