पाटीवरचं नाव

वस्तीला नाव नव्हतं आणि त्यावाचून काही अडलंही नव्हतं. त्या किनाऱ्यावर गावाला नाव मिळायचं ते पहिलं घर बांधणाऱ्याचं. पण तो मेल्यावर. जिवंतपणी ठेवलं तर समुद्र त्या माणसाला घेऊन जातो, असं सगळे म्हणायचे. इथलं पहिलं घर तिच्या नवऱ्याचं, आणि तो चांगला धडधाकट. म्हणून वस्ती बिननावाची. बरंच होतं की.

दुपारी ती विहिरीवरून आली तर वळणावर नवी पाटी. पेंटर ब्रश पुसत होता. पाटीवर नवऱ्याचं नाव.

"हे कुणी सांगितलं?"

"मी!" दीर म्हणाला. "रस्तेवाल्यांना आजच नाव हवं होतं, वहिनी. दादा बघा कसा खूश होतो."

"भाऊजी, तुमचा दादा समुद्रावर आहे."

दिराचा चेहरा खर्रकन उतरला. सकाळी यायची होडी अजून आली नव्हती. वाराही फिरला होता.

"पुसा ते," ती पेंटरला म्हणाली.

"कोरी पाटी सोडून गेलो तर साहेब मला सोलेल, ताई. दुसरं नाव सांगा, लगेच लिहितो."

तिनं दिराकडे पाहिलं. तो पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरायला लागला.

"माझी पोरं लहान आहेत, वहिनी."

"आणि माझी काय मिशीवाली आहेत?"

कुणीच हसलं नाही.

"माझं लिहा," ती म्हणाली. "पहिली चूल मीच पेटवली इथं."

पेंटरनं आधीचं पुसून तिचं नाव लिहिलं. शेवटचं अक्षर वाळेपर्यंत ती हलली नाही. मग किनाऱ्याकडे पळत सुटली.

दिवस कलताना होडी आली. नवरा चिंब भिजलेला, पण दात काढत उतरला. "इंजिन रुसलं गं! तुझ्यासारखंच!"

ती हसली नाही. त्याचा हात धरून चालत राहिली. वळणावर त्यानं पाटी वाचली आणि त्याचं हसू मावळलं.

"अगं... हे काय केलंस?"

त्यानं ओला शर्ट काढला आणि पाटी घासायला लागला. घास घास घासली. रंग पक्का बसला होता.

"चल घरी," ती म्हणाली. "दार लावून घेऊ."

दार लावलं, कडी घातली. तरी लाटा ऐकू येतच होत्या. रोजच्यासारख्या नाही. जरा थांबत, पुन्हा पहिल्यापासून. कुणी नवीन नाव पाठ करत असावं तशा.