हिल्काताईंचा केक आणि दाबाचा सेन्सर

युहान्नुसच्या, म्हणजे आमच्या भर उन्हाळ्यातल्या मोठ्या सणाच्या, आदल्या दिवशी दुपारी बारा वाजल्यानंतर आमच्या गावात साधा खिळाही विकत मिळत नाही. सगळं गाव तळ्याकाठी सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, तापवायला गेलेलं असतं. मीही गॅरेजचं शटर ओढत होतो, तेवढ्यात हिल्काताईंची लाल गाडी आत शिरली.

मागच्या सीटवर तीन मजली केक होता, क्रीमचा, वर स्ट्रॉबेरी. त्यांच्या नातीचं, वेन्लाचं, लग्न चार वाजता होतं, इथून सव्वाशे किलोमीटरवर. शाळेच्या भटारखान्यात चाळीस वर्षं राबलेल्या ताई या केकसाठी तीन दिवस खपल्या होत्या. बाहेर एकोणतीस अंश. एवढ्या उन्हात आमची माणसं आडवी होतात, तिथे क्रीम कसलं टिकतंय.

“तैस्तो, एसी पुन्हा गेला. दहा मिनिटं गार, मग भट्टी.”

माझं डोकं फिरलं. गेल्याच आठवड्यात मी नवा सेन्सर बसवला होता. एसीच्या नळीतल्या वायूचा दाब मोजणं हे त्याचं काम. दाब फार उतरला किंवा फार चढला, की तो कॉम्प्रेसर बंद पाडतो, नाहीतर एखाद दिवशी नळीच फुटायची. तेव्हाही ताई म्हणाल्या होत्या, “हवा कोंडत असेल रे. भट्टीचा झरोका बुजला की असंच होतं.” त्यावर मी म्हणालो होतो, “ताई, केक तुम्ही करा, गाडी मी बघतो.”

कुरकुरत मी दाबाचा मीटर जोडला. काटा पंधरावर होता. मग वीस, पंचवीस, अठ्ठावीस, आणि कॉम्प्रेसर बंद. म्हणजे सेन्सर खोटं बोलत नव्हता. मी भंगारात फेकलेला जुनाही खोटं बोलत नव्हता. दाब खरंच चढत होता. समोरून वारा लागून वायू निवायला हवा, तो निवतच नव्हता.

“क्रीमला घाम फुटलाय,” ताई म्हणाल्या.

मी गुडघे टेकून पुढच्या जाळीत बॅटरी मारली. आत पुठ्ठा. उणे तीसमध्ये इंजिन गारठू नये म्हणून आम्ही हिवाळ्यात जाळीमागे पुठ्ठा लावतो आणि बर्फ वितळला की काढतो. धुळीने काळाठिक्कर पडलेला तो पुठ्ठा मी ओढून बाहेर काढला. मागे जाड पेनाने लिहिलं होतं: उन्हाळी टायर लावताना काढणे. तैस्तो.

बर्फातले टायर काढून उन्हाळी टायरही एप्रिलमध्ये मीच लावले होते. लाजेने कान तापले.

ताईंनी चष्मा वर केला. “अक्षर ओळखीचं दिसतंय.”

“माझंच आहे. चुकलो, ताई.”

“मागे बस आणि केक धर. आता एसी बंद पडला तर तुझ्याच मांडीवर वितळू दे.”

तेलकट डगल्यानिशी मी बसलो. सव्वाशे किलोमीटर एसी एकदाही थांबला नाही. माझे गुडघे काकडले, पण ताईंनी थंडी एका अंशाने कमी केली नाही. केक मात्र तीनही मजल्यांनिशी ताठ उतरला. मला इतकं हायसं वाटलं, की नवरीच्या आधी माझेच डोळे भरले.

मी मांडवामागे तोंड लपवून उभा होतो. नवरा-नवरीनंतरचा पहिला तुकडा घेऊन ताई थेट तिथेच आल्या.

“केक मी केला, तैस्तो,” त्या म्हणाल्या, “आणि गाडीही मीच बघितली. खा आता.”