दुर्दैवाने चालणार नाही

मानवजातीचे मुळात दोनच वर्ग आहेत : घर भाड्याने घेणारे आणि घर भाड्याने देणारे. धर्म, जात, देश, भाषा ही सगळी नंतर चढवलेली रंगरंगोटी. पहिल्या वर्गातून दुसऱ्या वर्गात जाण्यासाठी माणसाने केलेली अखंड धडपड म्हणजेच इतिहास, आणि ज्या दिवशी माणूस ती सीमा ओलांडतो, त्या दिवशी तो खऱ्या अर्थाने स्वतंत्र होतो.

हा सिद्धांत श्रीरंगराव बेहेरे यांनी मांडला, तेव्हा ते कोपरापर्यंत पिवळे रबरी हातमोजे चढवून पाहुण्यांच्या संडासाचं भांडं घासत होते.

"कडेच्या आतूनही घासा," दारातून ऊर्मिलाबाई म्हणाल्या. "आणि स्वतंत्र झालात की बेसिनकडे वळा. तीनला माणसं येतायत."

श्रीरंगरावांचं म्हणणं समजायचं, तर आधी जर्मनीतल्या इंगोलश्टाटच्या फ्राऊ हिर्शबेक समजायला हव्यात. श्रीरंगराव पुण्याचे मेकॅनिकल इंजिनिअर. मोटारींच्या गिअरबॉक्समध्ये त्यांची नोकरी सरली, आणि ती सरेपर्यंत त्यांनी फ्राऊ हिर्शबेक यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने दिवस काढले. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी कधी आवाज चढवला नाही, कधी तोंड वाकडं केलं नाही. फक्त काही घडलं की त्या जिन्याच्या वळणावर उभ्या राहत आणि उद्या पाऊस आहे असं सांगावं तशा सुरात म्हणत, "हेर बेहेरे, दास गेट लायडर निश्ट."

म्हणजे, हे दुर्दैवाने चालणार नाही.

रविवारी दुपारी कुकरची शिट्टी झाली : दुर्दैवाने चालणार नाही. बाल्कनीच्या कठड्यावर सोलापुरी चादर वाळत घातली : चालणार नाही. गणपतीच्या आरतीला झांजा वाजल्या : चालणार नाही, टाळ्या चालतील, पण हळू. यातलं दुर्दैव नेमकं कोणाचं, हे श्रीरंगरावांना पहिल्याच वर्षी कळलं. दरवेळी ते मान डोलवत, "या, या, एंटशुल्डिगुंग", म्हणजे हो, हो, माफ करा, असं पुटपुटत आणि पायातल्या सपातांचाही आवाज होऊ न देता वर निघून जात.

माणसाला कसली कसली स्वप्नं असतात. कोणाला काशी करायची असते, कोणाला नातवंडाचं तोंड पाहायचं असतं. श्रीरंगरावांना हे एक वाक्य आपल्या तोंडाने एका जर्मन माणसाला ऐकवायचं होतं. एकदाच. त्यानंतर देवाने केव्हाही बोलवावं, त्यांची हरकत नव्हती.

म्हणून निवृत्त होताच त्यांनी आल्टम्यूल नदीकाठच्या हासेनरीड गावात एका मास्तरांचं जुनं घर घेतलं. वरचा मजला सुट्टीला येणाऱ्यांसाठी, खालच्या दोन खोल्या आपल्यासाठी. "मालकानं वर राहायचं असतं," ऊर्मिलाबाई म्हणाल्या. पण नदी वरून दिसत होती, आणि नदी दिसल्याशिवाय जर्मन पाहुणा येत नाही.

घरात पलंगाच्या आधी हाउसऑर्डनुंग आली. हाउसऑर्डनुंग म्हणजे घरात कसं वागावं याचे नियम. जर्मनीत घराला एक वेळ छप्पर नसलं तरी चालतं, ही लागतेच. श्रीरंगरावांनी ती फ्राऊ हिर्शबेक यांच्या हाउसऑर्डनुंगवरून जशीच्या तशी उतरवली, कारण आपल्यावर इतकी वर्षं अचूक लागू पडलेलं औषध बदलायचं कशाला? सोनेरी चौकटीत बसवून ती वरच्या मजल्याच्या दाराशी टांगली. ऊर्मिलाबाईंनी खाली उतरताना सवयीने तिच्याकडे पाहून हात जोडले.

रोज दाढी करताना श्रीरंगराव तालीम करत. "दास गेट लायडर निश्ट." कधी 'लायडर'वर जोर, कधी 'निश्ट'वर.

"आरसा घाबरला का हो?" ऊर्मिलाबाई विचारत.

"मस्करी करू नकोस. मालकपण आवाजात असतं."

"मग सर्दीचं काहीतरी घ्या आधी."

ईस्टरला पहिले पाहुणे आले : हायडेलबर्गच्या विद्यापीठात संशोधन करणारं एक तरुण जोडपं, सायकलींवर. ईस्टरच्याच रविवारी श्रीरंगराव अंगणात आले आणि वर पाहतात तो काय, रस्त्याकडच्या बाल्कनीत अंतर्वस्त्रांपासून तंबूपर्यंत सगळा संसार वाळत घातलेला! रविवार, त्यात सण, त्यात रस्त्याकडची बाजू. पहिल्याच चेंडूवर फुलटॉस. श्रीरंगराव दोन-दोन पायऱ्या चढून वर गेले. दार त्या मुलाने उघडलं. त्याने कमरेला टॉवेल गुंडाळला होता आणि त्याचे दात वाजत होते.

"आम्ही पावसात सापडलो," तो म्हणाला. "सगळं भिजलं. सगळंच."

श्रीरंगरावांनी तोंड उघडलं. "दास गेट..." ते म्हणाले, आणि त्यांची नजर त्याच्या निळ्या पडलेल्या गुडघ्यांवर गेली. "...असं कसं राहणार तुम्ही?" त्यांनी वाक्य पुरं केलं.

तास उलटायच्या आत तो मुलगा श्रीरंगरावांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या नाडीच्या लेंग्यात आल्याचा चहा पीत होता. संध्याकाळी तो त्याच लेंग्यात चर्चपर्यंत फिरून आला. सोमवारी जाताना त्याने विचारलं, हे कुठल्या कंपनीचं?

"मालकपण आवाजात असतं," ऊर्मिलाबाई म्हणाल्या, "आणि लेंगा पाहुण्याच्या अंगात."

उन्हाळ्यात ड्रेस्डेनहून उत्कर्ष आणि नीता आले. तो चिपच्या कारखान्यात, ती सॉफ्टवेअरमध्ये, आणि बरोबर सात वर्षांची तनया, जिला मराठी सगळं कळायचं पण उत्तर जर्मनमध्येच यायचं. गाडीतून उतरताच उत्कर्ष श्रीरंगरावांच्या पाया पडला.

"काका, बुकिंग करताना नाव पाहिलं आणि म्हटलं, उतरायचं तर इथेच."

'काका' हा शब्द कानावर पडला, तेव्हाच श्रीरंगरावांच्या मालकीचा पाया खचला. तरी त्यांनी धीर सोडला नाही. मराठी का असेना, जर्मन पासपोर्ट तर आहे! रविवार आला. दुपारी एकला, म्हणजे भर मिटाग्सरूहेत, वर शिट्टी झाली. मिटाग्सरूहे म्हणजे दुपारची शांतता. त्या वेळात जर्मन माणूस शिंकतोसुद्धा उशीत. दुसरी शिट्टी. तिसरी. श्रीरंगराव जिन्यात पोचले तेव्हा दार उघडंच होतं, आणि दाराशी एका पायावर उभी राहून तनया चौकटीतला मजकूर बोट लावून वाचत होती.

"मामा!" तिने स्वयंपाकघराकडे तोंड करून आईला जर्मनमध्ये हाक दिली. "इथे लिहिलंय! दास गेट लायडर निश्ट!"

जे वाक्य म्हणायला श्रीरंगरावांनी नोकरी केली, कर्ज काढलं, घर घेतलं, ते या एवढ्याशा पोरीने नाक खाजवत म्हणून टाकलं. आणि काय उच्चार होता! 'लायडर'मध्ये अगदी फ्राऊ हिर्शबेक होत्या.

"गप गं," आतून नीता म्हणाली. "काकांचंच घर आहे. काका, आलात? बसा, आमटी झालीच. आपल्यात कसले नियम?"

काका बसले. भात दोनदा घेतला.

शरदात पानं पिवळी झाली आणि हेर ल्यूडेमान आले. ते उत्तरेकडचे निवृत्त भूमापक. उंच, सरळ, जमिनीत ठोकलेल्या खुणेच्या दांडीसारखे. बरोबर त्यांच्या पत्नी, फ्राऊ ल्यूडेमान, गोल आणि हसऱ्या. हेर ल्यूडेमान यांनी बॅग खाली ठेवायच्या आधी चष्मा बदलला आणि हाउसऑर्डनुंग उभ्याने, सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचली. मग दुसऱ्यांदा वाचली. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरलं.

"उत्तम," ते म्हणाले. "पण कचऱ्याच्या कलमात तपकिरी काचेच्या बाटल्यांचा उल्लेख राहिलाय."

या माणसाने चूक करावी म्हणून श्रीरंगरावांनी काय नाही केलं! मुद्दाम कचऱ्याच्या डब्यांची जागा बदलली. हेर ल्यूडेमान यांनी ती परत लावून दिली. त्यांचे बूट दाराबाहेर वीतभर अंतरावर समांतर असत. मिटाग्सरूहेत वरून श्वासाचाही आवाज येत नसे.

वैतागून एका दुपारी श्रीरंगराव पानं उडवायचं यंत्र घेऊन अंगणात उतरले आणि मन मोकळं होईपर्यंत पानं उडवत राहिले. वरची खिडकी उघडली.

"हेर बेहेरे," हेर ल्यूडेमान यांचा आवाज आला, कमालीचा सौम्य, "दास गेट लायडर निश्ट."

"या, या, एंटशुल्डिगुंग," श्रीरंगराव म्हणाले, आणि यंत्र बंद करून स्वतःच्या मालकीच्या अंगणातून चवड्यांवर आत गेले.

ऊर्मिलाबाई त्या वेळी पीठ चाळत होत्या. त्यांना चाळणी खाली ठेवावी लागली.

"हस," श्रीरंगराव म्हणाले. "हसून घे."

"अहो, पण किती छान म्हणाला हो तो! तुमची तालीम वाया नाही गेली. ज्यानं ऐकायची त्यानं बरोबर ऐकली."

परतायच्या दिवशी ऊर्मिलाबाईंनी ल्यूडेमान दांपत्याला चिंचगुळाची आमटी वर पाठवली. थोड्या वेळाने हेर ल्यूडेमान धुतलेलं पातेलं आणि पेन्सिल घेऊन खाली आले. त्यांच्या डोळ्यांच्या कडा ओलसर होत्या, पण तो मिरचीचा परिणाम असू शकतो.

"यात ती एक पावडर आहे," ते म्हणाले. "वाईट वासाची. ती नसती तर हे काहीच नव्हतं. किती ग्रॅम?"

"हिंग? अंदाजे," ऊर्मिलाबाई म्हणाल्या.

"अंदाजे किती ग्रॅम?"

"चिमूटभर."

"कोणाची चिमूट?"

ऊर्मिलाबाईंनी हात पुढे केला. हेर ल्यूडेमान यांनी त्यांचा अंगठा आणि तर्जनी नीट निरखली, काहीतरी टिपून घेतलं, आणि नाताळचं बुकिंग केलं.

नाताळात बर्फ पडला. ल्यूडेमान पती-पत्नी आले, आणि सोबत एक पेटी आली, जी हेर ल्यूडेमान कोणाच्या हातात देत नव्हते. फ्राऊ ल्यूडेमान यांनी ऊर्मिलाबाईंना बटाट्याचं सूप शिकवलं. ऊर्मिलाबाईंना ते अतोनात आवडलं, कारण त्यात करायचं काहीच नसतं. त्या रविवारी दुपारी खाली तेच सूप होतं. श्रीरंगराव चमचा बुडवून त्यात काही सापडतं का ते पाहत होते.

तेवढ्यात वर धुराचा अलार्म किंचाळला.

चमचा हवेत थांबला. मग जिन्यावरून वास उतरला. मोहरी जळल्याचा, त्यामागून कढीपत्त्याचा, आणि त्या सगळ्यांना बाजूला सारत हिंगाचा. श्रीरंगरावांच्या डोळ्यांसमोर सोनेरी चौकट उभी राहिली. 'उग्र वासाचे पदार्थ शिजवण्यास मनाई आहे.' हे कलम फ्राऊ हिर्शबेक यांनी मुळात कोणाला उद्देशून लिहिलं होतं, हे उतरवून घेताना त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. आत्ता आलं. पण कायदा तो कायदा.

"रविवार," ते पुटपुटले. "मिटाग्सरूहे. उग्र वास. ऊर्मिला, तिन्ही कलमं एकदम!"

"अहो, आधी आग लागलीय का ते बघा."

"लागली असेल तर चौथं कलम!"

त्यांनी केस विंचरले. स्वेटर बदलला. जिना ते सावकाश चढले. हा जिना पुन्हा मिळणार नव्हता. बेल वाजवेपर्यंत अलार्म बंद झाला होता. दार उघडलं, आणि धुरातून हेर ल्यूडेमान प्रकटले. अंगात एप्रन, हातात पळी, नाकाला काजळी. त्यांनी श्रीरंगरावांकडे पाहिलं, भिंतीवरच्या चौकटीकडे पाहिलं, आणि पळी खाली घेऊन ते ताठ उभे राहिले.

"मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "कलम अकरा."

ते वाट पाहत होते. आजवर कोणी श्रीरंगरावांपुढे असं उभं राहिलं नव्हतं. समोर जर्मन माणूस, तोही भूमापक, तोही रंगेहाथ, आणि गुडघे अगदी ठणठणीत. श्रीरंगरावांनी छाती भरून श्वास घेतला.

"हेर ल्यूडेमान," ते म्हणाले, "दास गेट लायडर निश्ट."

वाक्य पूर्ण आलं. अडखळलं नाही, कापरं झालं नाही, 'लायडर' तर असं पडलं की तनयानेही ऐकावं.

"गेनाऊ," हेर ल्यूडेमान म्हणाले. बरोबर आहे. "माफ करा." आणि त्यांनी मान खाली घातली.

झालं. आयुष्याचं सार्थक झालं. आता पुढे?

हे वाक्य ऐकल्यावर काय करायचं, याचा श्रीरंगरावांना दांडगा अनुभव होता. म्हणून झाल्यावर काय करायचं, हे मात्र त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. फ्राऊ हिर्शबेक पुढे काय करत असतील ते करेपर्यंत ते स्वतःच वर निघून गेलेले असत. त्यामुळे ते नुसतेच उभे राहिले. समोर हेर ल्यूडेमान उभे. दोघंही अत्यंत नियमानुसार. हेर ल्यूडेमान यांच्या खांद्यामागे ती पेटी उघडी होती, आत हिंगाची डबी आणि ग्रॅमचा काटा; शेगडीवर पातेलं होतं, आणि जळकी मोहरी वगळली तर त्यातून येणारा वास, फ्राऊ हिर्शबेक यांच्या नाकाने घेतला काय किंवा बेहेऱ्यांच्या, नाकारता येण्यासारखा नव्हता.

खालून ऊर्मिलाबाईंची हाक आली. "अहो! सूप निवतंय!"

श्रीरंगरावांनी घसा साफ केला. आवाज शक्य तितका मालकाचाच ठेवला.

"हेर ल्यूडेमान," ते म्हणाले, "मोहरी तडतडली की लगेच आच कमी करायची. आणि आमटी झाली की वाटीभर खाली पाठवाल का? जमलं तर थोडा भातही."