पुलावरचा कॅमेरा

डॉक्टरीणबाई पुलावरून पुन्हा पडल्या आणि कंट्रोलर सोफ्यावर आदळून उठल्या.

"पडलीस?" स्वयंपाकघरातून नवऱ्याने विचारलं.

"मी नाही पडले. मला पाडलं. तुझ्या बहिणीनं!"

बाई दातांच्या डॉक्टर. गेमबिमच्या वाटेला त्या कधी गेल्या नव्हत्या. पण नवऱ्याची धाकटी बहीण, जिला घरात सगळे टिकली म्हणत, परगावी गेम बनवणाऱ्या कंपनीत होती आणि तिच्या नव्या गेमचा सगळीकडे नुसता उदोउदो चालला होता. डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर टपाल पोचवणाऱ्या एका बाईची गोष्ट. त्याला बक्षिसं मिळाली, त्याच्यावर लांबलचक लेख आले. सासूबाईंना टीव्हीचा आवाज कमी करायलाही दुसरं कोणी लागायचं, पण त्यासुद्धा भेटेल त्याला सांगत सुटल्या होत्या, "त्यातला कॅमेरा आमच्या टिकलीचा बरं का!" म्हणजे खेळणाऱ्याला कुठून दिसणार, किती दिसणार, नजर कधी वळणार, हे सगळं टिकलीने ठरवलेलं.

आता टिकली चार दिवस राहायला येणार होती. कौतुकाच्या भरात वहिनी फोनवर बोलून गेल्या होत्या, "तू येईपर्यंत संपवूनच ठेवते बघ." तो शब्द आता गळ्याशी आला होता.

अडचण डाव्या-उजव्यापासूनच सुरू होई. बाईंना डावीकडे बघायचं असलं की अंगठा आपसूक उजवीकडे जाई आणि टपालवाली भलतीकडेच तोंड करून उभी राही. कशीबशी नजर जागेवर आणावी, तर कॅमेरा आपल्या मनाने सरकत परत तिच्या पाठीमागे जाऊन बसे. पाच मिनिटांत डोकं गरगरायला लागे. तेही त्यांनी दात-ओठ खात निभावलं. पण मग पूल आला.

दोरखंडाचा झुलता पूल. मधोमध पोचलं की वारा सुटे आणि कॅमेरा स्वतःहून गर्रकन बाजूला वळून खालची अख्खी दरी दाखवी. आतापर्यंत जे 'पुढे' होतं ते एका क्षणात 'उजवीकडे' होई. बाईंचा अंगठा पुढेच दाबलेला. टपालवाली पिशवीसकट दरीत!

नवऱ्याने पहिल्याच फटक्यात पूल ओलांडून दाखवला. "सोपं आहे गं. तो वळला की तूही वळायचं."

"फार शहाणा आहेस," बाई म्हणाल्या आणि दिवसभर त्याच्याशी धड बोलल्या नाहीत.

चिडचिडीचं एक वेळ ठीक होतं. पण आत काहीतरी कुरतडायला लागलं होतं. त्यांनी लेख वाचून काढले. एकजात सगळ्यांनी त्या वळणाची तारीफ केली होती. श्वास रोखला जातो, म्हणे. कॅमेऱ्याबद्दल कोणाचीच तक्रार नाही. मग आपल्यालाच का जमत नाही? बाईंची पन्नाशी जवळ आली होती आणि त्यांचं सगळं आयुष्य हातांवर उभं होतं. हातच ऐकेनासे झाले तर? पेशंट गेला की त्या दार लोटून घेत, काठोकाठ भरलेला पेला हात लांब करून धरत आणि पाण्याकडे टक लावून बघत. पाणी हलत नसे, तरी जिवाला चैन पडत नसे. घरी आल्यावर सुईत दोरा ओवून बघत. एकदा नवऱ्याने बघितलं आणि विचारलं, "काही शिवायचंय का?" "नाही," म्हणून त्यांनी सुई परत डब्यात टाकली.

एकदा त्या एका गृहस्थांच्या वरच्या दाढेवर काम करत होत्या. वरची दाढ सरळ दिसत नाही, छोट्या आरशातच बघावी लागते. दाढेची पलीकडची बाजू बघायला त्यांनी आरसा कलता केला आणि त्यांचा हात क्षणभर थबकला. आरसा एकीकडे कलवला की दिसणारं दुसरीकडे सरकतं. अर्धं आयुष्य आपण हेच तर करत आलो!

"झालं का, डॉक्टर?" गृहस्थांनी उघड्या तोंडाने कसंबसं विचारलं.

घरी पोचताच चपलाही न काढता त्यांनी गेमच्या सेटिंग धुंडाळल्या. वर-खाली उलटं करायची सोय होती. डाव्या-उजव्याची नव्हती. कॅमेऱ्याचं आपोआप मागे जाणं बंद करायची सोयही कुठे दिसेना. बाईंनी पुन्हा पहिल्यापासून शोधलं. मग तशाच खोलीत येरझाऱ्या घालत राहिल्या.

टिकली आली, हातपाय धुऊन बसली आणि तिने पहिलाच प्रश्न टाकला, "वहिनी, कुठपर्यंत आलीस?"

"झाला की पूल पार," बाई ठोकून मोकळ्या झाल्या.

"खरंच? मग दरीत काय दिसलं ते सांग ना!" टिकली सरसावून बसली.

बाईंनी कॉफीचा कप उचलला. नवऱ्याला खोकला आला.

"काही दिसलं नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "दिसायच्या आत पडते मी. रोज पडते. कसला गं तो कॅमेरा तुझा? माणूस चालतोय, त्याचं डोकं धरून फिरवायचं?"

टिकलीचा चेहरा उतरला. "त्या वळणावर लोक रडलेत, वहिनी."

"मीही रडले की!"

"अगं, तिथे थोडं गडबडायलाच पाहिजे. ती एकटी आहे, वारा सुटलाय. हातातलं सगळं सुटतंय असं वाटावं, म्हणूनच तर केलंय ते."

"हातातलं सुटतंय?" बाईंचा आवाज एकदम चढला. "माझ्या हातातलं?" कप तसाच टाकून त्या गॅलरीत गेल्या.

जरा वेळाने टिकली गॅलरीत गेली. "वहिनी, माझं काही चुकलं का?"

मग बाईंनी सगळं सांगितलं. पेला, सुई-दोरा, सगळंच. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं ते. ऐकून झाल्यावर टिकली म्हणाली, "माझ्यासमोर खेळ. मी मध्ये बोलणार नाही."

बाई खेळायला बसल्या. टिकली पडद्याकडे बघतच नव्हती. जमिनीवर मांडी ठोकून ती वहिनीच्या अंगठ्यांकडे बघत होती. टपालवाली पडली. उठली. परत पडली.

"थांब," टिकली म्हणाली. "तुझा हात चुकत नाहीये. मला वाटलं होतं कापत असेल, चाचपडत असेल. तसलं काही नाही. दर वेळी तो एकच हालचाल करतोय, अगदी नेमकी. माझा कॅमेराच त्याला उलटं उत्तर देतोय."

"आरशामुळे?"

"आरशामुळे असेल, नसेलही. कधी आरसा हातात न धरलेल्या बऱ्याच लोकांनाही उलटंच लागतं. सोय ठेवायची होती आम्हाला. शेवटी घाई झाली आणि मीच म्हटलं, कोणाला लागणारे?" ती उठली आणि आता तिच्याच येरझाऱ्या सुरू झाल्या. "आमच्याकडे खेळून बघणारे सगळे आमच्यातलेच गं. वळणं पाठ झालेले."

बाईंनी आपले दोन्ही हात उलटे-पालटे करून बघितले. हातांना काही झालं नव्हतं. आणि ते पटताच त्यांना पहिल्यापेक्षा जास्त राग आला. "म्हणजे इतके दिवस मी उगाच झुरले?"

"बोल मला. पोटभर बोल."

त्या बोलल्याही, मनात काही ठेवलं नाही. टिकलीने ऐकून घेतलं. पण कॅमेरा आपोआप मागे जातो त्यावर आणि पुलावरच्या वळणावर तिने माघार घेतली नाही. जेवताना परत जुंपली. नवरा दोघींना वाढत राहिला आणि कोणाचीच बाजू घेण्याच्या फंदात पडला नाही.

टिकली गेली आणि काही महिन्यांनी गेममध्ये एक सुधारणा आली. सेटिंगमध्ये डावं-उजवं उलटं करायची सोय झाली होती आणि आपोआप मागे जाणारा कॅमेराही आता बंद करता येत होता. बाईंनी दोन्ही करून टपालवालीला अंगणात फिरवलं. ती निमूट जिकडे म्हणावं तिकडे बघत होती. मग त्या पुलावर गेल्या. मधोमध वारा सुटला, कॅमेरा गर्रकन वळला आणि त्या पडल्या.

त्यांनी तिथूनच फोन लावला. "अगं, वळण तसंच आहे!"

"तसंच राहणार," टिकली म्हणाली. "दोन गोष्टी तुझ्या. ती एक माझी."

"हट्टी आहेस."

"आणि तू?"

बाईंनी फोन खांद्याने कानाशी दाबून धरला आणि पुन्हा चालायला सुरुवात केली. या खेपेला वारा सुटताच त्यांनी अंगठा उचलला. टपालवाली जागीच थांबली. खाली दरी उघडली. तळाशी नदी आणि काठाने दिवे लागलेली घरं. ज्या ज्या घरी तिने आजवर टपाल पोचवलं होतं, ती सगळी. बाई बघत राहिल्या.

"पोचलीस?" पलीकडून टिकलीने विचारलं. "वहिनी? बोल ना! पोचलीस का?"

"थांब गं जरा," बाई म्हणाल्या. "बघू दे."