पारीच्या घराचं दार

मित्रांनो, मी एक जुनं दार आहे. ऐनाच्या लाकडाचं, दोन फळ्यांचं, लोखंडी कडीचं. दाराने घर राखायचं असतं. माझ्यापायी मात्र एक घर पुसलं गेलं.

खांब गावच्या विठू सुताराने मला घडवलं. रोह्याकडच्या नदीकाठच्या वाडीत, काळू आणि पारी यांच्या कारवीच्या झोपडीला मी बसलो. ग्रामपंचायतीच्या माणसाने लाल रंगात माझ्यावर घरनंबर लिहिला, तेव्हा काळूने शेजारपाजाऱ्यांना बोलावून तो दाखवला. त्याच्या बापजाद्यांच्या घरांना कधी नंबर नव्हता. घराखालची जागा नावावर व्हावी, एवढीच त्याला आस होती.

दिवाळी झाली की वाडीतली माणसं पेणजवळच्या वीटभट्टीवर जात, ती पावसाच्या तोंडावर परतत. मुलगी दर्शना मोठी होत होती. भट्टीवर अनोळखी माणसं फार, म्हणून एका वर्षी पारीने हट्टच धरला की तिथल्या झोपडीलाही कडी हवी. काळूने मला बिजागऱ्यांतून काढून टेंपोत घातलं. काय तो माझा रुबाब! सगळ्यांच्या झोपड्यांना प्लॅस्टिक, आणि पारीच्या झोपडीला दार. नंबरही माझ्याबरोबर निघून आलाय, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

त्याच हिवाळ्यात जागा नावावर करण्यासाठी वाडीत पाहणी झाली. रोह्याचे दामोदर गुरुजी यादी घेऊन आले. शेजारच्या बंद झोपड्यांचे नंबर त्यांनी उतरवून घेतले. काळूची उघडी चौकट पाहिली आणि 'वस्ती नाही' असं लिहिलं. गुरुजी वाईट नव्हते हो. त्यांना घाई होती.

जूनमध्ये काळू मला पाठीवर घेऊन त्यांच्या शाळेत गेला.

"गुरुजी, घर हाय. दार तेवढं आमच्या संगं होतं," तो म्हणाला.

गुरुजींची मान खाली गेली. "यादी वर गेली रे, काळू. आता माझ्या हातात काही नाही."

ग्रामसभेत वाद झाला. सहा महिने बाहेर राहणाऱ्यांना गावची जागा आणि रेशन कशाला, असं काही जण म्हणाले. पोट भरायला गेलेला माणूस परका कसा, असं दुसरे म्हणाले. वाद काही मिटला नाही, पण यादीत नाव नाही म्हणून काळूच्या जागेला कुंपण पडलं आणि झोपडी मोडली. मग कुटुंब मला घेऊन भट्टीजवळच राहिलं. तिथलं गाव म्हणू लागलं, ही रोह्याकडची माणसं, आमच्या नळावर आणि रेशनवर ह्यांचा काय हक्क?

पुढच्या वर्षी काळू तापाने गेला. तेव्हापासून माझी कडी आपोआप वाजते. वाराच असेल, असं मी स्वतःला समजावतो. पण तो मला खांद्याने ढकलायचा ना, तस्साच भार मधूनच माझ्यावर पडतो आणि मी शहारतो. पारी लगबगीने उठायची, मला उघडायची, आणि बाहेर कोणी नसायचं. असं कितीदा तरी! शेवटी दर्शना तिला म्हणाली, "आये, बाबा येणार नाय आता. उठत नको जाऊस." पारीने उठणं सोडलं.

गेल्या महिन्यात एका दुपारी पेणहून भाविका नावाची ताई आली. बाहेरून येऊन राहिलेल्यांची नावं इथल्या यादीत घ्यायला. दर्शना कामावर गेली होती. ताईने कडी वाजवली. एकदा, दोनदा. हाक काही मारली नाही. आत पारी डोळे घट्ट मिटून भिंतीकडे तोंड करून बसली होती. माझा जीव नुसता तुटत होता. ऊठ गो बाई, या वेळी खरंच माणूस आलंय! पण दाराला वाचा कुठली? ताईने 'घर बंद' असं लिहिलं आणि ती पुढच्या झोपडीकडे गेली.

मित्रांनो, उद्या तुमच्याही हातात अशी यादी येईल. तेव्हा नुसती कडी वाजवून परत फिरू नका. हाक मारा, जरा थांबा, नाव विचारा. काळू गेल्यापासून पारीला तिच्या नावाने कोणी हाक मारलेली नाही.